तोंडची हवा, कागदाची शाई: ‘स्लँडर’ या शब्दाची गोष्ट

आजच्या भागात राजे नाहीत, लढाया नाहीत. आज एकाच शब्दाची गोष्ट आहे. शब्द आहे ‘स्लँडर’.

हा शब्द तुमच्या कानावर नक्की पडलाय. रील्सवर ‘इंजिनिअर स्लँडर’, ‘सीए स्लँडर’ असे व्हिडिओ फिरत असतात. कुणी मिसळीला नावं ठेवली की दुसरा लगेच म्हणतो, इथे मिसळीचं स्लँडर चालणार नाही. म्हणजे आज आपल्यासाठी या शब्दाचा अर्थ काय, तर टिंगल, खेचाखेची, नावं ठेवणं. हसायचं आणि पुढे स्क्रोल करायचं.

आता २००२ चा ‘स्पायडर-मॅन’ आठवा, टोबी मॅग्वायरवाला. त्यात पीटर पार्कर ‘डेली ब्यूगल’चा संपादक जेमसन याला सांगतो, की तुम्ही स्पायडर-मॅनबद्दल छापताय ते स्लँडर आहे. जेमसन त्यालाच उलट झापतो: तोंडी असतं ते स्लँडर, छापलेलं असतं ते लायबल! थिएटरमध्ये हशा पिकतो.

पण जेमसनचं बरोबर आहे. इंग्रजी कायद्यात बदनामीचे दोन प्रकार आहेत. बोलून केलेली ती स्लँडर. लिहून, छापून, टिकाऊ स्वरूपात केलेली ती लायबल. परीक्षेला दोन मार्कांचा प्रश्न येईल, इतपत सोपा फरक. मला मात्र हा फरक वाचताना एक प्रश्न छळत राहिला. बदनामी ती बदनामी. तिचे दोन तुकडे केले कुणी, आणि कशासाठी? उत्तर शोधत गेलो, तर लक्षात आलं की या दोन तुकड्यांमधल्या फटीत कित्येक पिढ्यांच्या बायका अडकून पडल्या होत्या. आजची गोष्ट त्या फटीची आहे.

सापळ्याची काडी

आधी शब्द बघू. ग्रीक भाषेत एक शब्द होता, ‘स्कॅन्डलॉन’. म्हणजे सापळा, अडखळून पाडणारी वस्तू. तो लॅटिनमध्ये ‘स्कॅन्डलम’ झाला. तिथून जुन्या फ्रेंचमध्ये गेला, झिजला, ‘एस्क्लांद्र’ झाला आणि इंग्रजीत येऊन ‘स्लँडर’ झाला. त्याच लॅटिन शब्दावरून ‘स्कँडल’ हा शब्दही आला. म्हणजे स्लँडर आणि स्कँडल ही सख्खी भावंडं. एक वेगळ्या वाटेने आलं, एवढंच.

आणि लायबल? त्याचं मूळ ‘लिबेलस’, म्हणजे छोटं पुस्तक, चोपडी. त्या शब्दातच कागद आहे.

आपल्याकडे यासाठी शब्दांची कमी नाही. आळ घेणं, किटाळ आणणं, कंडी पिकवणं, वावडी उठवणं, बट्टा लावणं. गणेश चतुर्थीला चंद्र बघू नये, चोरीचा आळ येतो, हे आपण लहानपणापासून ऐकतो. त्यामागे स्यमंतक मण्याची गोष्ट आहे. कृष्णाने मणी चोरला, अशी कुजबुज द्वारकेत सुरू होते आणि ती मिटवायला खुद्द कृष्णाला जंगल, गुहा पालथ्या घालाव्या लागतात. आणि कोर्टात आपण ज्याचं नुकसान झालं म्हणून दावा लावतो ती ‘अब्रू’ फारसीतून आली. तिचा शब्दशः अर्थ चेहऱ्याचं पाणी, म्हणजे तेज. गंमत बघा, आपल्या शब्दांमध्ये बोललेलं आणि लिहिलेलं असा भेदच नाही. आळ हा आळच. पाणी उतरलं की उतरलं.

मग इंग्रजांनी भेद का केला? त्यासाठी मध्ययुगीन इंग्लंडमध्ये जावं लागेल.

दोन कोर्टं, दोन दरवाजे

त्या काळच्या इंग्लंडमध्ये दोन प्रकारची न्यायालयं शेजारी शेजारी चालत. एक राजाची, दुसरी चर्चची. जमीन, चोरी, खून हे राजाच्या कोर्टात. लग्न, मृत्युपत्रं, व्यभिचार आणि पापपुण्याचे मामले चर्चच्या कोर्टात.

कुणाची खोटी बदनामी करणं हे तेव्हा पाप समजलं जायचं. १२२२ साली आर्चबिशप स्टीफन लँग्टन यांच्या पुढाकाराने ऑक्सफर्डला धर्मपरिषद झाली. तिने ठरवलं, की चांगलं नाव असलेल्या माणसावर जो द्वेषाने गुन्ह्याचा आरोप करेल, तो धर्मातून बहिष्कृत. पुढची काही शतकं बदनामीची बरीच प्रकरणं चर्चच्या कोर्टात चालत राहिली.

तिथे पैसे मिळत नसत. मिळायची ती माफी. बदनामी करणाऱ्याने पाद्री आणि शेजाऱ्यांसमोर कबूल करायचं, की मी बोललो ते खोटं होतं. ज्या आळीत नाव गेलं, त्या आळीसमोरच ते परत द्यायचं. मला हा उपाय भारी वाटतो. अब्रू गेली चार लोकांत, तर ती परतही चार लोकांतच मिळायला हवी ना?

सतराव्या शतकात लंडनच्या चर्च कोर्टात असे दावे लावणाऱ्यांत बहुसंख्य बायका होत्या. साध्या घरातल्या, कारागिरांच्या, दुकानदारांच्या. भांडणात कुणीतरी चारित्र्यावरून शिवी दिली, ती साऱ्या गल्लीने ऐकली, आणि ही बाई कोर्टात गेली. कारण तिच्यासाठी तो निव्वळ अपमान नव्हता. नाव गेलं की काम जायचं, उधारी बंद व्हायची, मुलीचं लग्न अडायचं.

यातलं एक प्रकरण तर थेट शेक्सपिअरच्या घरातलं आहे. त्याची थोरली मुलगी सुझॅना हिचं लग्न जॉन हॉल या डॉक्टरशी झालं होतं. १६१३ साली स्ट्रॅटफर्डमध्ये जॉन लेन नावाच्या माणसाने बोलायला सुरुवात केली, की हिला गुप्तरोग झालाय आणि हिचे परपुरुषाशी संबंध आहेत. सुझॅना गप्प बसली नाही. तिने वूस्टरच्या चर्च कोर्टात दावा लावला. लेन कोर्टात फिरकलाच नाही. कोर्टाने त्याला बहिष्कृत केलं. तिचे वडील तेव्हा हयात होते. खोट्या आळामुळे उद्ध्वस्त होणाऱ्या स्त्रीवर ‘ऑथेल्लो’ लिहून त्यांना जेमतेम दहा वर्षं झाली होती.

स्वयंपाक्याचं डोकं

दरम्यान सोळाव्या शतकात राजाच्या कोर्टांनीही बदनामीचे दावे घ्यायला सुरुवात केली. तिथे पैसे मिळायचे. झालं, लोकांची रीघ लागली. कुणी कुणाला चोर म्हटलं, चालले कोर्टात. न्यायाधीश वैतागले. दावे कमी करायला त्यांनी एक युक्ती काढली: शब्दांचा दोन प्रकारे अर्थ निघत असेल, तर त्यातला सौम्य अर्थच धरायचा.

मग काय काय झालं बघा. कुणी म्हणालं, यांनी माझी उभी झाडं चोरली. कोर्ट म्हणणार, उभं झाड हा जमिनीचा भाग, त्याची कायद्याने चोरी होऊ शकत नाही, म्हणजे तुम्हाला चोर म्हटलंच नाही!

सगळ्यात कडी म्हणजे १६०७ चं सर थॉमस होल्ट यांचं प्रकरण. बर्मिंगहॅमजवळचे हे बडे जमीनदार. ॲस्टनला त्यांनी पुढे बांधलेला वाडा आज संग्रहालय आहे. यांच्याबद्दल एक माणूस म्हणाला, की होल्टने सुऱ्याने आपल्या स्वयंपाक्याच्या डोक्यावर असा घाव घातला की डोक्याचे दोन भाग झाले, एक या खांद्यावर पडला आणि एक त्या खांद्यावर. होल्ट यांनी दावा ठोकला. आणि कोर्टाने काय म्हणावं? स्वयंपाकी मेला असं कुठे म्हटलंय? जखमी असेल, जिवंतही असेल! दावा फेटाळला.

हसू येतं, पण पुढचं ऐका. होल्टने स्वयंपाकी मारला ही दंतकथा त्या भागात पुढे शतकानुशतकं टिकली. त्यांच्या घराण्याच्या चिन्हात लाल पंजा होता. खरं तर ते बॅरोनेट या किताबाचं ठरलेलं चिन्ह. पण लोक म्हणू लागले, हा त्या खुनाचाच रक्ताळलेला हात. तोंडी शब्द हवेत विरतो असं कायदा म्हणत होता. हा शब्द तर दगडी वाड्याइतका टिकला.

आता यातली महत्त्वाची गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. राजाच्या कोर्टाने कामाची वाटणी केली होती. चोर, खुनी म्हटलं, म्हणजे राजाच्या कायद्यातल्या गुन्ह्याचा आरोप केला, तर आमच्याकडे या. धंद्यात लबाड म्हटलं, संसर्गजन्य रोग आहे म्हटलं, तरी या. पण चारित्र्यावर आळ? ते पापाचं खातं, चर्चकडे जा. आमच्याकडे यायचंच असेल, तर पैशात मोजता येईल असं नुकसान झाल्याचं सिद्ध करा. १५९३ साली एका तरुणीने ते करून दाखवलं. तिला आधीच मूल झालंय अशी अफवा उठली आणि श्रीमंत व्यापाऱ्याशी ठरत आलेलं लग्न मोडलं. मोडलेलं लग्न हे व्यवहारी नुकसान म्हणून कोर्टाने मान्य केलं. त्या बाईचं दुःख मोजलं गेलं नाही. हातचं गेलेलं स्थळ मोजलं गेलं.

कागद महाग, तोंड स्वस्त

तोंडी बदनामीचं हे असं चाललं होतं. मग कागदाचं काय? त्याचा प्रवाह वेगळाच होता. १४७६ साली विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना टाकला. छापील पत्रकं फिरू लागली तशी सत्ताधाऱ्यांना धडकी भरली. राज्यकर्ते आणि बड्या लोकांविरुद्ध लिहिणाऱ्यांना वठणीवर आणायचं काम ‘स्टार चेंबर’ नावाचं खास न्यायालय करायचं. शिक्षा कडक. लिहिलेलं खरं आहे म्हणूनही सुटका नसे.

१६४१ साली इंग्लंडच्या संसदेने स्टार चेंबर बंद केलं. मग लिखित बदनामीची प्रकरणंही राजाच्या नेहमीच्या कोर्टांत आली. आता एकाच टेबलावर दोन फायली. तोंडी बदनामीचे जुने, किचकट, कंजूस नियम एकीकडे. लिखित बदनामीची कडक परंपरा दुसरीकडे. दोन्हींना एकच नियम लावता आला असता. तसं झालं नाही. १६७० च्या आसपास सर मॅथ्यू हेल या न्यायाधीशांनी सांगितलं, की जे शब्द नुसते बोलले तर दावा होत नाही, तेच लिहून छापले तर होतो, कारण लिहिण्यात जास्त द्वेष आहे.

१८१२ साली हा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला. थॉर्ली नावाच्या गृहस्थाने लॉर्ड केरी यांना ढोंगी म्हणणारं पत्र लिहिलं आणि सील न करताच नोकराच्या हाती दिलं. नोकराने वाटेत ते वाचलं. हेच शब्द थॉर्ली चौकात ओरडला असता तर दावा टिकला नसता. कागदावर होते म्हणून टिकला. निकाल देताना सर जेम्स मॅन्सफील्ड यांनी साफ सांगितलं, की हा भेद मला पटत नाही, कोरी पाटी असती तर मी तो केला नसता, पण शंभराहून जास्त वर्षं असंच चाललंय, आता मोडता येत नाही.

म्हणजे स्लँडर आणि लायबल हा भेद कुणी विद्वानाने विचार करून काढलेला नाही. दोन वेगळ्या कोर्टांचे वारसे एका घरात आले आणि भिंत तशीच राहिली. मागाहून तिला कारणं चिकटवली गेली: बोलणं रागाच्या भरात होतं, विरून जातं, लिहिणं विचारपूर्वक होतं, टिकतं.

ऐकायला पटतं. पण लिहिण्याछापण्याच्या जगात तेव्हा होतं कोण? शिकलेले, पैसेवाले, मुख्यतः पुरुष. ज्यांचं अख्खं आयुष्य नळावर, बाजारात, जिन्यावर, म्हणजे बोलण्यातच जातं, त्यांची अब्रू कागदावर जातच नाही. ती तोंडीच जाते. ‘तोंडी बदनामी ही हलकी बदनामी’ या नियमाची किंमत त्यांनीच मोजली.

छत्तीस वर्षं

आता गोष्टीचा सगळ्यात कडू भाग. १८५५ साली इंग्लंडच्या संसदेने चर्च कोर्टांकडून बदनामीचे दावे काढून घेतले. धर्मसंस्थेने लोकांच्या भांडणात पडू नये, हा विचार वाईट नव्हता. पण परिणाम बघा. चारित्र्यावरच्या तोंडी आळासाठी जो दरवाजा होता, तो बंद झाला. आणि राजाच्या कोर्टाचा दरवाजा? तो तर ‘ते चर्चचं काम’ म्हणून आधीपासूनच लावलेला होता. ज्यांच्याकडे बोट दाखवायचं तेच उरले नाहीत, तरी दार उघडलं नाही.

१८६० साली एक विवाहित बाई कोर्टात आली. तिच्या चारित्र्यावर आळ घेतला गेला होता. ती त्या धसक्याने आजारी पडली, उपचाराचा खर्च झाला. कोर्ट म्हणालं, आजारपण हे आम्हाला हवं तसलं नुकसान नव्हे. आणि कोर्टं काय धरत होती? मित्रमंडळींनी जेवायला बोलवायचं बंद केलं, तर ते नुकसान! फुकटची मेजवानी गेली, ती पैशात मोजता येते. गेलेली झोप आणि तब्येत कशी मोजणार?

पुढच्याच वर्षी, १८६१ मध्ये, एक प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं. एका माणसाने नवऱ्याच्या मनात बायकोबद्दल विष कालवलं, नवऱ्याने तिला माहेरी धाडलं. ती बाई हरली. लॉर्ड कॅम्पबेल यांनी खंत व्यक्त केली, की स्त्रीच्या शीलावर कितीही घाणेरडा आणि कितीही जाहीर आरोप झाला तरी आपला कायदा तिला दाद देत नाही, ही असमाधानकारक स्थिती आहे. लॉर्ड ब्रूम म्हणाले, असमाधानकारक नव्हे, रानटी म्हणा.

रानटी म्हणूनही तो कायदा आणखी तीस वर्षं चालला. १८९१ साली ‘स्लँडर ऑफ विमेन ॲक्ट’ आला आणि ठरलं, की स्त्रीच्या चारित्र्यावर तोंडी आळ घेतला तर पैशाचं नुकसान दाखवायची गरज नाही. त्यातही मेख होती. दावा लावायला सबळ कारण होतं असं न्यायाधीशांनी लिहून दिल्याशिवाय, मिळालेल्या भरपाईपेक्षा जास्त कोर्टखर्च वसूल करता येणार नव्हता. १८५५ ते १८९१. छत्तीस वर्षं. एक बाई तरुणपणी बदनाम झाली असती, तर दाद मागता येईपर्यंत तिचं वय होऊन गेलं असतं.

आणि पुरुष? १९१६ साली एका शाळामास्तरबद्दल बोललं गेलं, की शाळेत साफसफाई करणाऱ्या बाईशी त्याचे संबंध आहेत. मास्तरची नोकरी अशा बोलण्याने जाऊ शकते हे कुणालाही कळतं. हाउस ऑफ लॉर्ड्सने मात्र दावा फेटाळला. आरोप त्याच्या शिकवण्याबद्दल नव्हता आणि १८९१ चा कायदा फक्त स्त्रियांसाठी होता. फट इतकी जुनी झाली होती, की कुणीही तिच्यात पडू शकत होतं.

आणि आपल्याकडे?

आता गंमत बघा. ज्या छत्तीस वर्षांत लंडनची बाई दारोदार फिरत होती, त्याच काळात इंग्रजांनी भारतासाठी एक कायदा केला. मेकॉले यांच्या आयोगाने १८३७ मध्ये मसुदा केलेली भारतीय दंडसंहिता १८६० साली मंजूर झाली आणि १ जानेवारी १८६२ पासून लागू झाली. तिचं कलम ४९९ बदनामीचं. त्यात म्हटलं होतं: बोललेल्या शब्दांनी, वाचण्यासाठीच्या शब्दांनी, खुणांनी किंवा दिसणाऱ्या चित्रांनी. सगळं एका वाक्यात. स्लँडर नाही, लायबल नाही. एकच बदनामी. म्हणजे १८६२ साली पुण्यातल्या किंवा मुंबईतल्या बाईवर कुणी तोंडी आळ घेतला तर तो फौजदारी गुन्हा होता, तेव्हा लंडनमधल्या बाईला दिवाणी दादही मिळत नव्हती. राज्य त्यांचंच, कायदे करणारेही तेच.

दिवाणी दाव्यांत मात्र इंग्लंडचा जुना नियम इथेही डोकावत होता. १८८० च्या दशकात मद्रास हायकोर्टासमोर पार्वती नावाच्या बाईचं प्रकरण आलं. ती लग्नाची बायकोच नाही आणि बदचालीमुळे तिला ठिकठिकाणाहून हाकललंय, असं तिच्याबद्दल बोललं गेलं होतं. पैशाचं नुकसान दाखव, हा इंग्रजी नियम लावला असता तर ती हरली असती. कोर्टाने तो लावायला नकार दिला. न्यायाला न पटणारा नियम भारतात आणायची गरज नाही, असा त्याचा सूर होता. इंग्लंडमध्ये स्त्रियांना हे मिळायला अजून काही वर्षं जायची होती.

पण थांबा, टाळ्या वाजवायची घाई नको. आपल्या एकाच शब्दाला दुसरी धार आहे. इंग्लंडमध्ये स्लँडर हा मुळात पैशाचा दावा. आपल्याकडे बदनामीला तुरुंग आहे. आणि तुरुंगाची किल्ली नेहमी दुबळ्याच्या बाजूने फिरत नाही. १८८२ साली कोल्हापूरचे दिवाण माधवराव बर्वे यांच्या बदनामीबद्दल टिळक आणि आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा झाली. छापलेली पत्रं बनावट निघाली होती हे खरं, पण दिवाण एका बाजूला आणि पंचविशीतले दोन संपादक दुसऱ्या बाजूला, हेही खरं. डोंगरीच्या तुरुंगातल्या त्या १०१ दिवसांवर आगरकरांनी पुस्तकच लिहिलं. जो कायदा गल्लीतल्या बाईला आधार देतो, तोच बड्या माणसाच्या हातात दंडुकाही होतो. सुप्रीम कोर्टाने २०१६ साली फौजदारी बदनामीचा कायदा वैध ठरवला, पण हा वाद काही संपलेला नाही.

मग यंत्रं आली

इकडे इंग्लंडमध्ये भिंतीला पहिला जोराचा धक्का दिला सिनेमाने. १९३२ चा एमजीएम कंपनीचा रासपुतिनवरचा बोलपट. त्यातल्या एका राजकन्येवर रासपुतिन अत्याचार करतो असं सूचित केलं होतं. झारची खरीखुरी भाची, इरिना युसुपोव्ह, कोर्टात गेली: लोक म्हणणार ती मीच. कंपनीच्या वकिलांचा एक मुद्दा होता, की हे झालंच तर स्लँडर आहे, लायबल नाही. कोर्टाने १९३४ मध्ये सांगितलं, की पडद्यावरचं चित्र कायम टिकणारं आहे आणि आवाज त्याचाच भाग, म्हणून हे लायबल. भरपाई २५,००० पौंड, त्या काळची प्रचंड रक्कम. ‘यातील सर्व पात्रं काल्पनिक आहेत’ ही पाटी सिनेमांमध्ये रूढ झाली ती याच खटल्यानंतर.

१९५२ च्या कायद्याने रेडिओवरचं बोलणंही लायबलच्या बाजूला टाकलं आणि धंदा-नोकरीला धक्का देणाऱ्या तोंडी बदनामीचा नियमही सैल केला. १९६८ मध्ये नाटकाचे संवादही लायबलकडे गेले. मग इंटरनेट आलं आणि चक्र उलटं फिरलं. २००८ साली लंडनच्या न्यायमूर्ती ईडी यांनी म्हटलं, की ऑनलाइन चर्चेत लोक जे टाइप करतात ते लायबलपेक्षा स्लँडरच्या जवळचं आहे: घाईतलं, सैल, बारमधल्या गप्पांसारखं. बोलणं कागदासारखं टिकू लागलं आणि लिहिणं बोलण्यासारखं उडू लागलं. २०१३ साली नवा कायदा आला तेव्हा १८९१ चा स्त्रियांसाठीचा तो कायदाही रद्द झाला. भिंत मात्र नावाला अजून उभी आहे.

तुमच्या हातातलं

हे सगळं मी तुम्हाला का सांगतोय? कारण आज ही भिंत तुमच्या फोनमध्ये पडलीये. व्हॉइस नोट म्हणजे काय, सांगा बरं. बोलणं की लिहिणं? ती रागाच्या भरात, जिना चढता चढता केलेली असते, अगदी सोळाव्या शतकातल्या गल्लीतल्या भांडणासारखी. पण ती विरत नाही. सोसायटीच्या ग्रुपवरून कॉलेजच्या ग्रुपवर, तिथून गावच्या ग्रुपवर जाते आणि पाच वर्षांनी लग्न ठरताना कुणाच्या तरी फोनमधून बाहेर येते.

आपला कायदा याबाबत अजूनही सरळ आहे. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिचं कलम ३५६ तेच सांगतं: बोललेलं, लिहिलेलं, खूण, चित्र, सगळं एक. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही, किंवा समाजसेवा. ‘मी फक्त पुढे पाठवलं’ हा बचाव नाही, कारण पसरवणं हाही त्याच गुन्ह्याचा भाग आहे. आणि एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते: या कलमात नुसतं ‘ते खरं होतं’ एवढं पुरत नाही. खरं असावं लागतं आणि ते सांगण्यात लोकहितही असावं लागतं.

पण मला कायद्यापेक्षा त्या चर्चमधल्या माफीबद्दल जास्त बोलावंसं वाटतं. शंभर जणांच्या ग्रुपवर कुणाचं नाव घेतलं, ते चुकीचं निघालं, की आपण काय करतो? गुपचूप ‘डिलीट फॉर एव्हरीवन’. फार तर त्या व्यक्तीला खाजगीत ‘सॉरी यार’. ज्या शंभर जणांनी ऐकलं, त्यांच्या डोक्यातून ते कोण काढणार? सतराव्या शतकातल्या एका निरक्षर बाईला जे मिळत होतं, म्हणजे त्याच लोकांसमोर ‘मी बोललो ते खोटं होतं’ हे वाक्य, ते आज कुठलंही ॲप देत नाही. ते आपल्यालाच द्यावं लागतं, त्याच ग्रुपवर, त्याच आवाजात.

तर मंडळी, मिसळीचं स्लँडर चालू द्या, तिची अब्रू जात नाही. माणसांच्या बाबतीत मात्र रेकॉर्डचं बटण दाबताना सुझॅना आठवा. पुढच्या भागात भेटू, तोवर हा भाग ऐकला नसेल तर ऐका. आणि हो, हा फॉरवर्ड केलात तर चालेल!